‘लक्ष’ला इंग्रजीत काय म्हणायचं? नव्यानं मेल लिहायला बसलेल्यांसाठी ‘अटेन्शन’चा धडा

दरवर्षी जानेवारी लागला की आमच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसला डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर दोन-तीन नवीन पोरं-पोरी येतात. कुणी कळवणचं, कुणी सुरगाण्याचं, कुणी इथलंच नाशिकच्या सिडकोतलं. हुशार असतात, एक्सेल माझ्यापेक्षा भारी येतं, मोबाईलवर तर बोटं दिसत नाहीत इतकी फास्ट चालतात, पण परदेशातल्या बायरला पहिला इंग्रजी मेल लिहायची वेळ आली की तोच मुलगा अर्धा तास स्क्रीनकडं बघत बसतो. आणि मग लिहितो तेव्हा चुकतो कुठं, तर अवघड शब्दांत नाही, ‘लक्ष’ या एका शब्दात. कारण आमच्या धंद्यातला निम्मा पत्रव्यवहार म्हणजे लक्ष द्या, लक्ष ठेवा, लक्षात घ्या, लक्षात राहिलं नाही, दुर्लक्ष झालं, माफ करा, एवढाच असतो.

दर सीझनला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. द्राक्षाशी काही घेणंदेणं नसलं तरी चालेल, अंबडला कंपनीत असा नाहीतर बँकेत, मेल सगळीकडं सारखेच.

सुरुवात स्पेलिंगपासून. ‘अटेन्शन’मध्ये सुरुवातीला ए, मग टी दोन, आणि शेवट टी-आय-ओ-एन. आपल्याकडं ‘टेन्शन’ हा शब्द रोजच्या जेवणातल्या मिठासारखा झालाय, त्यामुळं हात आपोआप ‘टेन्शन’चा एस घालतो. टेन्शनला एस, अटेन्शनला टी, हे एकदा वहीत पाच वेळा लिहा, लाज वाटू देऊ नका, मी पण लिहिलंय. बोलताना जोर मधल्या ‘टेन’वर द्यायचा, पहिला ‘अ’ अगदी हलका, जवळजवळ गिळायचाच.

पण हात चुकतो यात हाताचा पूर्ण दोष नाही हं, कारण हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. लॅटिनमध्ये ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणं. मन ताणलं गेलं की टेन्शन. आणि मन एखाद्या गोष्टीच्या दिशेनं ताणून धरलं की अटेन्शन, त्यातला ‘अ’ म्हणजे ‘च्याकडे’. कुंभमेळ्यात तपोवनात साधूंसाठी जे टेंट लागतात ना, तो ताणलेल्या कापडाचा टेंट पण त्याच घरचा, आणि सरकारी कामाचं टेंडर निघतं ते पण, म्हणजे हात ताणून पुढं केलेली ऑफर. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण त्यातून पुढची गोष्ट आपोआप डोक्यात बसते. अटेन्शन कायम कुणाच्या तरी दिशेला जातं, म्हणून त्याच्या मागं ‘टू’ येतो. ‘ऑन’ नाही, ‘इन’ नाही, ‘टू’.

तर दुसरी पायरी हीच. हे वाक्य पाठ करा: ‘प्लीज पे अटेन्शन टू द लेबल्स.’ लेबलकडं लक्ष द्या. यात तीन तुकडे आहेत, पे, अटेन्शन, टू, आणि हे तिघं एकत्र राहतात. आपण मराठीत लक्ष ‘देतो’ म्हणून पोरं ‘गिव्ह अटेन्शन’ लिहितात, ते अगदीच चूक नाही, चालतं, पण दहापैकी नऊ वेळा इंग्रजी माणूस ‘पे’ म्हणेल. पैशासारखं लक्ष पण मोजून देतात बहुतेक ते लोक. असो. आणि ‘अटेन्शन’ मोजता येत नाही, त्यामुळं ‘ॲन अटेन्शन’ नाही आणि ‘मेनी अटेन्शन्स’ तर अजिबात नाही. जास्त लक्ष द्या म्हणायचं असेल तर ‘प्लीज पे मोअर अटेन्शन टू द टेम्परेचर.’ नीट लक्ष द्या म्हणायचं तर ‘क्लोज अटेन्शन’. ‘क्लोज’ म्हणजे बंद नाही इथं, जवळून. एका पोराला वाटलं होतं की लक्ष देणं बंद करा असं सांगितलंय, आणि उच्चार ‘क्लोझ’ करत होता त्यामुळं गोंधळ डबल. जवळच्या ‘क्लोज’चा शेवट सापासारखा ‘स’ असतो, दार बंद करायच्या ‘क्लोज’चा शेवट मधमाशीसारखा.

आता तिसरी पायरी, आणि खरा माल इथं आहे त्यामुळं चहा घेऊन बसा.

मराठीत आपण एक ‘लक्ष’ पकडतो आणि त्याला क्रियापदं बदलून लावत राहतो. देणं, ठेवणं, घालणं, वेधणं, लागणं, उडणं. शब्द तोच, शेपूट बदललं की अर्थ बदलला. इंग्रजीत तसं होत नाही, तिथं बहुतेक वेळा अख्खा शब्दच बदलतो. नवीन माणूस काय करतो, ‘लक्ष’ला ‘अटेन्शन’ पकडतो आणि शेपटाचं भाषांतर करून चिकटवतो. ‘लक्ष ठेवा’चं होतं ‘कीप अटेन्शन’, ‘लक्ष घाला’चं होतं ‘पुट अटेन्शन’. वाचणाऱ्याला अंदाजानं कळतं, पण वाक्य लंगडतं.

‘लक्ष ठेवा’ म्हणजे काय करा? अधूनमधून बघत राहा, काही होऊ देऊ नका. प्रीकूलिंगच्या (म्हणजे माल भरायच्या आधी द्राक्षं गार करायच्या) खोलीतल्या टेम्परेचरवर लक्ष ठेव, असं आमचा सुपरवायझर रात्रपाळीच्या पोराला सांगतो. तिथं ‘कीप ॲन आय ऑन द टेम्परेचर’. इथं ‘ऑन’ आला बघा, कारण डोळा वर ठेवायचाय. शेजारणीला दूध उतू जाऊ नये म्हणून सांगून गेलात तरी हेच, ‘कीप ॲन आय ऑन द मिल्क’.

‘लक्ष घाला’ वेगळं. साहेब, जरा तुम्ही लक्ष घाला, असं आपण कधी म्हणतो? अडकलेलं काम कुणी वरचा माणूस मध्ये पडल्याशिवाय हलत नाही तेव्हा. पेमेंट अडकलं, रिफंड अडकला, फाईल अडकली. त्याला ‘प्लीज लुक इन्टू द मॅटर’. हे वाक्य आपल्याकडच्या ऑफिसात इतकं वापरलंय की गुळगुळीत झालंय, पण बरोबर आहे.

‘लक्षात ठेवा’ला ‘कीप इन माइंड’ नाहीतर साधं ‘रिमेंबर’. ‘लक्षात आलं’ यात दोन प्रकार, डोळ्यांना दिसलं असेल तर ‘नोटिस’, डोक्यात प्रकाश पडला असेल तर ‘रिअलाइज’. म्हणजे घडाचे देठ सुकलेले दिसले तर ‘आय नोटिस्ड दॅट द स्टेम्स वेअर ड्राय’, आणि घरी पोचल्यावर डोक्यात आलं की अरे कंटेनरचा सील नंबर चुकीचा टाकला, तर ‘आय रिअलाइज्ड’. आपल्याकडं ‘नोटीस’ म्हटलं की कोर्टाचा नाहीतर घरमालकाचा कागद डोळ्यांपुढं येतो त्यामुळं पोरं हा शब्द वापरायला बिचकतात, बिचकू नका. आणि नुसतं कुणी समजावून सांगितल्यावर आपण ‘हां, आलं लक्षात’ म्हणतो तिथं ‘गॉट इट’. पण ते दोस्ताला. बायरला ‘अंडरस्टुड’ नाहीतर ‘नोटेड’.

‘लक्षात घेता’, म्हणजे पाऊस लक्षात घेता, वेळ लक्षात घेता, त्याला ‘कन्सिडरिंग’.

एक जोडी मात्र अगदी फिट बसते, ती म्हणजे लक्ष वेधणं. ‘ड्रॉ अटेन्शन टू’. ‘आय वुड लाइक टू ड्रॉ युअर अटेन्शन टू द सेकंड पेज.’ ड्रॉ म्हणजे चित्र काढणं नाही, ओढणं. विधानसभेत आमदार लक्षवेधी मांडतात ना, पेपरात रोज वाचतो आपण अधिवेशन चालू असताना, तिचं इंग्रजी नाव ‘कॉलिंग अटेन्शन मोशन’. वर्गात पोरांचं लक्ष वेधा, मंडपात वाढप्याचं लक्ष वेधा, हॉटेलात वेटरचं वेधा, तिथं ‘गेट’ किंवा ‘कॅच’ चालतं. मिसळीच्या गर्दीत रविवारी सकाळी तर्री मागायला वेटरचं अटेन्शन कॅच करून दाखवा, मग म्हणा इंग्रजी आलं.

आणि सावधान? हा गमतीचा शब्द आहे. अवधान म्हणजे लक्ष, स-अवधान म्हणजे लक्षासकट. शाळेतल्या पीटीला ‘सावधान’ म्हटलं की टाचा जुळवून ताठ उभं राहायचं, त्याला इंग्रजी कवायतीत ‘अटेन्शन’च म्हणतात, म्हणजे इथं दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटेनं येऊन एकच शब्द काढला. पण कसारा घाटातल्या पाटीवरचं सावधान म्हणजे ‘कॉशन’, तिथं अटेन्शन लिहिलं तर ट्रकवाला ताठ बसेल पण ब्रेक मारणार नाही. राहिलं लग्नातलं सावधान. समर्थ रामदासांची गोष्ट आपल्याकडं लहानपणीच सांगतात, बोहल्यावर ‘सावधान’ ऐकलं, खरोखर सावध झाले आणि निघाले ते आपल्या नाशिकलाच आले, टाकळीला १२ वर्षं तप केलं. त्या सावधानला इंग्रजी शब्द शोधायच्या भानगडीत पडू नका.

चौथी पायरी ‘अटेंड’. हा अटेन्शनचा सख्खा भाऊ पण स्वभावानं वेगळा. आपण मराठीत लग्न अटेंड करतो, मीटिंग अटेंड करतो, फोन पण अटेंड करतो. लग्न आणि मीटिंग ठीक, ‘आय अटेंडेड द मीटिंग’, इथं मध्ये ‘टू’ घालायचा नाही, ‘इन’ पण नाही. अर्थ एवढाच की मी हजर होतो. झोपलो होतो का जागा होतो ते यात येत नाही! म्हणून तर हजेरीपटाला अटेंडन्स म्हणतात. फोनला मात्र बाहेरचे लोक ‘आन्सर’ नाहीतर ‘टेक’ म्हणतात, ‘आय कुडन्ट टेक युअर कॉल’. ‘अटेंड द कॉल’ आपल्या देशात चालतंय, बायरच्या मेलमध्ये टाळा.

आणि ‘अटेंड’ला ‘टू’ लावला की अर्थच फिरतो. ‘अटेंड टू’ म्हणजे त्या कामाकडं बघणं, ते मार्गी लावणं. नर्स पेशंटला ‘अटेंड टू’ करते. ‘प्लीज अटेंड टू धिस अर्जंटली’ असा मेल आला तर कुठं जाऊन हजर व्हायचं नाहीये, हातातलं सोडून ते काम करायचंय. मागं एका पोरीनं असा मेल वाचून मला विचारलं होतं, दादा, मीटिंगची लिंक कुठंय. हसलो नाही मी. तिचं लॉजिक बरोबर होतं, फक्त ‘टू’ दिसला नव्हता.

‘अटेंडंट’ म्हणजे आपल्याकडं दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेला नातेवाईक, आणि पेट्रोल पंपावर पेट्रोल सोडणारा पण. बेवारस बॅग म्हणजे ‘अनअटेंडेड’ बॅग. बाकी ‘हीड’ नावाचा एक शब्द पुस्तकात भेटेल, इशारा किंवा सल्ला मानणं या अर्थाचा, तो ओळखता आला तरी पुरे, लिहायला जाऊ नका, आजोबांचा कोट घातल्यासारखं दिसतं.

आता पाचवी पायरी म्हणजे दुर्लक्ष, आणि इथं माझी स्वतःची लाज सांगतो म्हणजे तुम्ही तरी वाचाल.

माझा दुसरा का तिसरा सीझन. युरोपातल्या एका बायरनं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की कार्टनवरचं लेबल आखूड बाजूला लावा, म्हणजे पॅलेटवर थप्पी लागल्यावर समोरून वाचता येईल. तो मेल आला रात्री, त्याच्याखाली अजून वीस मेल, माझ्या नजरेतून सुटला. कंटेनर भरला, सील झाला, न्हावाशेवाला गेला, बोटीत चढला, आणि लेबलं सगळी लांब बाजूला. बायरनं फोटो मागितले, मी पाठवले, त्यानं विचारलं हे असं का. मला म्हणायचं होतं की माफ करा, आमचं दुर्लक्ष झालं. डोक्यात ‘दुर्लक्ष’ म्हणजे ‘इग्नोर’ हे शाळेपासून पक्कं. मी लिहिलं, ‘सॉरी सर, वी हॅव इग्नोर्ड युअर इन्स्ट्रक्शन.’ सेंड. वर खूश, की चूक कबूल केली, ग्रामर पण बरोबर.

दहा मिनिटांत उत्तर आलं, एकच ओळ: ‘थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट.’

मला वाटलं माणूस किती चांगलाय. शेठना दाखवला मेल. शेठ नववी नापास, पण तीस वर्षं माल बाहेर पाठवतायत, त्यांनी चष्मा कपाळावर सारला, दोनदा वाचला आणि म्हणाले, अरे बाबा, तू त्याला लिहिलंय की तुझं सांगणं वाचलं आणि मुद्दाम केराच्या टोपलीत टाकलं.

तर ‘इग्नोर’ म्हणजे समजून-उमजून कानाडोळा. समोरचा हाक मारतोय, ऐकू येतंय, तरी मान वळवायची नाही, ते ‘इग्नोर’. चुकून नजरेतून सुटलं तर ‘ओव्हरलुक’. मला लिहायचं होतं ‘वी ओव्हरलुक्ड युअर इन्स्ट्रक्शन’, नाहीतर अजून साधं ‘वी मिस्ड इट’. आणि तिसरा शब्द ‘निग्लेक्ट’. तो एका मेलपुरता नसतो, बरेच दिवस काळजी न घेणं त्याला म्हणतात. बाग निग्लेक्ट होते, तब्येत निग्लेक्ट होते, म्हातारे आईबाप निग्लेक्ट होतात. मराठीत तिन्हीला दुर्लक्षच. फरक आपण ‘केलं’ आणि ‘झालं’ यातून दाखवतो, दुर्लक्ष केलं म्हणजे मुद्दाम, दुर्लक्ष झालं म्हणजे चुकून. पण इंग्रजीत तो फरक क्रियापदाच्या शेपटात नाही, शब्दातच आहे. त्यामुळं लिहिण्याआधी स्वतःला मराठीत विचारा, केलं का झालं? ‘झालं’ असेल तर ओव्हरलुक. मी आजही विचारतो.

आता आलेले मेल वाचायचे कसे, कारण लिहिण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. मेलची सुरुवात ‘इट हॅज कम टू अवर अटेन्शन दॅट’ अशी असेल तर पाणी प्या आणि नीट बसा. शब्दशः अर्थ, आमच्या लक्षात असं आलंय की. पण हे गोड बातमीसाठी कुणी वापरत नाही, पुढं तक्रार असते, आणि बऱ्याचदा ती वरच्या माणसाला पण कॉपी केलेली असते. तुमच्या बाजूनं कुणाला काही कळवायचं असेल तर हे वाक्य वापरू नका, उगाच वकिलाच्या नोटिशीसारखं वाटतं.

शेवटी ‘थँक यू फॉर युअर अटेन्शन टू धिस मॅटर’ असेल तर ते आभार नाहीत, तो धक्का आहे. अजून तुम्ही काही केलेलं नाही आणि आभार आधीच मानून ठेवलेत, म्हणजे आता करा. तेच प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर ‘थँक यू फॉर युअर अटेन्शन’ असेल तर मात्र खरे आभार, लोकांनी जागं राहिल्याबद्दल. ‘द मशीन नीड्स अटेन्शन’ म्हणजे मशीनकडं प्रेमानं बघा असं नाही, बिघडलंय, मेकॅनिक बोलवा.

पाकिटावर नाहीतर कुरियरच्या पार्सलवर ए-टी-टी-एन असं असतं, ते अटेन्शनचंच आखूड रूप, त्यापुढं ज्या माणसाच्या हातात द्यायचं त्याचं नाव. आपल्याकडं ‘काइंड अटेन्शन’ असं लिहायची पद्धत आहे, म्हणजे आपल्या दयाळू लक्षासाठी, जुनी दरबारी सवय. देशातल्या देशात चालतं, बाहेर नुसतं अटेन्शन लिहिलं तरी कुणी रागावत नाही.

प्रॅक्टिस कशी करायची ते सांगतो, क्लासला पैसे घालायच्या आधी हे करून बघा. एखाद्या दिवशी नाशिकरोड स्टेशनला पंचवटी नाहीतर कुठलीही गाडी धरायला जाल तेव्हा कानातले इअरफोन काढा. तिथं तीच घोषणा तीन भाषांत होते. मराठीत प्रवाशांनी लक्ष द्यायचं, हिंदीत यात्रीगणांनी ध्यान द्यायचं, आणि इंग्रजीत बाई म्हणते ‘मे आय हॅव युअर अटेन्शन प्लीज’. बघा, तिथं ना ‘पे’ ना ‘गिव्ह’, ती तुमचं लक्ष मागून घेतेय, ‘हॅव’. गाडी लेट असेल तर उत्तम, चार-पाच वेळा ऐकायला मिळतं आणि पुढच्या वेळी कुठं सभा, कार्यक्रम असेल आणि माइक हातात आला तर ‘लिसन लिसन’ असं ओरडायची वेळ येत नाही.

दुसरी प्रॅक्टिस वहीत. पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला दिवसभरात स्वतःच्या तोंडून ‘लक्ष’ आलेली वाक्यं मराठीत लिहा, जशी बोललात तशी. ‘लक्ष कुठंय तुझं’, ‘माझ्या लक्षातच नव्हतं’, ‘पोरावर लक्ष ठेव गं’, ‘जाऊ दे, लक्ष नको देऊ’. उजवीकडं इंग्रजी, आणि त्यात किती ठिकाणी ‘अटेन्शन’ शब्द आला ते मोजा. पहिल्या आठवड्यात पोरं सगळीकडं अटेन्शन लिहितात, महिन्याभरात ते दोन-तीन ठिकाणीच उरतं. ‘जाऊ दे, लक्ष नको देऊ’ला तर मी ‘जस्ट इग्नोर हिम’ हेच उत्तर बरोबर धरतो, कारण तिथं मुद्दामच करायचंय ना.

वहीतली अवघड वाक्यं अडली तर मला दाखवायला आणा, पण संध्याकाळी सातनंतर, दिवसा सीझनमध्ये जमत नाही. आत्ता पण डॉकला कंटेनर लागलाय आणि ड्रायव्हर सील नंबर टिपून घ्या म्हणून खालून हाका मारतोय.